दहावा माणूस : कोकणातल्या बेने इस्राएल ज्येष्ठांची मशीद

शनिवारी सकाळी साडेआठची वेळ. रायगड जिल्ह्यातल्या एका सिनेगॉगमध्ये मी डोक्यावर रुमाल बांधून मागच्या बाकावर बसलो होतो. पुढे आठ पुरुष होते आणि एका बाजूला पाच बायका. पुरुषांमधला सर्वांत तरुण गृहस्थ एकसष्टीचा. हज्जानकाकांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांनी, बसलेल्यांवरून नजर फिरवत ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटले आणि मध्येच थांबले. नंतर कळले की ती मोजणी होती. ज्यू लोक माणसे 'एक, दोन, तीन' अशी मोजत नाहीत. स्तोत्रसंहितेतल्या अठ्ठाविसाव्या स्तोत्राची शेवटची ओळ हिब्रूत दहा शब्दांची आहे. माणसागणिक एकेक शब्द म्हणत जायचे. ओळ पुरी झाली तर दहा जण आले. त्या दिवशी ती आठव्या शब्दावर अडली.

थोड्या वेळाने नववे आले. दहाव्यासाठी वाट पाहणे सुरू झाले. शब्बाथला फोन करायचा नाही, असा नियम. म्हणून शमाशकाका, म्हणजे सिनेगॉगची देखभाल पाहणारे, दर पाच मिनिटांनी दारात जाऊन रस्त्याकडे बघून येत. माझ्याकडे एकदा त्यांनी पाहिले आणि हसून म्हणाले, "तुम्ही नऊदा आलात तरी आमचे दहा होणार नाहीत." मी ज्यू नाही. त्या सकाळी मला पहिल्यांदाच त्याचे वाईट वाटले.

दहावे आले नाहीत. त्यांचा गुडघा सुजला होता, असे दुपारी समजले. प्रार्थना झाली, पण तोराची गुंडाळी हेखालातून, म्हणजे पश्चिमेच्या त्या पवित्र कपाटातून, बाहेर निघाली नाही. त्या आठवड्याचा पाठ छापील पुस्तकातून वाचला गेला.

एका माणसाच्या गुडघ्यामुळे साऱ्या मंडळीची उपासना अपुरी राहावी, हे मला नवे होते. मी वसईचा. आमच्याकडे चर्चमध्ये माणसे कमी आली तरी फादर मिस्सा म्हणतात, आणि देवळात कुणीच नसले तरी पुजारी आरती ओवाळतो. यहुदी उपासनेचे तसे नाही. प्रार्थना एकट्याला करता येते, पण तिचे काही भाग सार्वजनिकच असावे लागतात: तोराचे जाहीर वाचन, 'केदुशा' हा पवित्रतेचा घोष आणि मृतांसाठी म्हटला जाणारा 'कदीश'. यांसाठी तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्या दहांना 'मिन्यान' म्हणतात. आकडा दहाच का, याचा धर्मशास्त्रातला खुलासा मजेशीर आहे. मोशेने वचनदत्त देश पाहून यायला बारा हेर पाठवले होते. त्यांपैकी दहा जणांनी भीतीदायक बातम्या आणल्या, आणि त्या दहांना उद्देशून ग्रंथात 'मंडळी' हा शब्द आला. म्हणजे मंडळी कमीत कमी दहांची. ज्या दहांवरून ही व्याख्या ठरली ते भित्रे आणि कुरकुरे होते, हे मला फार आवडले. संत असण्याची अट नाही, हजर असण्याची आहे.

मिश्नेत, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या यहुदी धर्मसंहितेत, मोठे गाव कशाला म्हणावे याचा निकष दिलेला आहे. ज्या गावात दहा 'बत्लानीम' आहेत ते मोठे गाव. बत्लानीम म्हणजे सरळ मराठीत रिकामटेकडे: कामधंद्यातून मोकळे, म्हणून हाक मारली की सिनेगॉगमध्ये येऊन बसू शकणारे. पेन्शनरांची इतकी मोठी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्या कायद्यात मी वाचलेली नाही.

कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. परंपरा अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेल्यांना जिथे पुरले, ती जागा नवगावला दाखवतात. तिथे आता स्मारकही आहे. वाचलेल्यांचे वंशज तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडले 'शनिवार तेली'. ज्या गावी राहिले त्या गावाची आडनावे झाली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर, अष्टमकर, झिराडकर. सणांना मराठी नावे मिळाली. रोश हशाना हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दारफळणीचा सण आणि त्याचा दुसरा दिवस हा शिळा सण. तिशा बआव या शोकाच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत, कारण उपास सोडताना पानात वालाचे बिरडे.

मुंबईत पहिले सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर आणि मशीद स्टेशन ही नावे त्यावरूनच पडली, असे सांगतात. पुढे अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), ठाणे (१८७९) आणि मध्ये पेण, पोयनाड, रेवदंडा अशी माळ तयार झाली. आजही वसई रोडवरून मेमूने पनवेलला उतरून अलिबागची एसटी धरली, तर वाटेत पनवेल, पेण आणि पोयनाड ही तीन सिनेगॉगची गावे लागतात आणि चौथे गाव मुक्कामाचे. अलिबागला 'इस्रायल आळी' विचारा, कुणीही दाखवेल.

१९५१च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते. २०११ला ते पाच हजारांच्या आत आले. हकालपट्टी, दंगल, छळ यांपैकी काहीही झाले नाही. ते आपापल्या पायांनी, निरोपाचे हार घालून गेले. १९४८ला इस्रायल झाले, १९५०ला तिथे परतीचा कायदा आला आणि जहाजे भरू लागली. सुरुवातीला काहींचा भ्रमनिरास झाला. वर्णभेदाची तक्रार करत त्यांनी धरणे धरले आणि १९५२ साली एक गट भारतात परतही आला. पुढे तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबद्दल शंका काढली. त्यावर झालेल्या आंदोलनानंतर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर गावेच्या गावे रिकामी झाली. दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद, रामले ही नावे रायगडातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पेण-पनवेलइतकी सहज येतात.

मागे राहिले कोण? ज्यांना आईवडील सोडवले नाहीत ते. सरकारी नोकरीची पेन्शन इथे होती ते. ज्यांनी एकदा जाऊन पाहिले आणि परत आले ते. आणि एक मोठा वर्ग असा, ज्यांनी मुलांना पाठवले आणि 'आम्ही मागाहून येतो' म्हटले. हे मागाहून कधी कधी तीस वर्षांचे होते.

हा वर्ग मला ओळखीचा वाटला, कारण मी त्यातलाच आहे. माझा मुलगा कॅनडात आहे. आमच्या वसईत वाडीतल्या प्रशस्त घरांमध्ये दोन दोन म्हातारी माणसे राहतात, ओटीवर एकच दिवा लागतो, आणि आखाती देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे शब्द माजघरापर्यंत आलेले आहेत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बँकेत कारकुनी करता करता वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज थडग्यांवरची अक्षरे लावायला शिकलो, तिथून हिब्रू-मराठी थडग्यांकडे वळलो. मेलेल्यांची नावे वाचायला गेलो आणि जिवंत माणसांत गुंतलो.

अमेरिकेतल्या सिनेगॉगांपुढेही ज्येष्ठांचा प्रश्न आहे, पण उलट्या बाजूने. तिथे कुटुंब सभासद होते ते बहुधा मूल हिब्रू शाळेत घालायचे असते म्हणून. तेराव्या वर्षी मुलाचा बार मित्सवा झाला, मूल कॉलेजला गेले, की आईबापांचा पाय मंदावतो. सारे कार्यक्रम तरुण कुटुंबांसाठी. पन्नाशी-साठीच्या जोडप्याला आपण तिथे काय करायचे हे कळत नाही. त्यावर तिथे बरेच प्रयोग झाले. कॅलिफोर्नियातले रब्बी हॅरल्ड शुलवाइस यांनी १९७०च्या सुमारास आपल्या मोठ्या मंडळीची छोट्या छोट्या मित्रकुटुंबांच्या गटांत विभागणी केली. या गटांना 'हवुरा' म्हणतात. सण, आजारपण, शोक यांत गट एकमेकांना धरून राहतो. रब्बी झाल्मन शाक्टर-शालोमी यांनी म्हातारपण ही उतरण नसून शहाणपण पुढे देण्याची वेळ आहे, असे मांडत १९९५ साली पुस्तक लिहिले आणि त्याच्या कार्यशाळा चालवल्या. मुलीपणी ज्यांना संधी मिळाली नाही अशा बायका पन्नाशीत-साठीत हिब्रू शिकून आपला बात मित्सवा करू लागल्या. सत्तर वर्षे हे पुरे आयुष्य मानायचे, म्हणजे त्र्याऐंशीव्या वर्षी माणूस पुन्हा तेरा वर्षांचा. तेव्हा दुसरा बार मित्सवा करायचा, अशीही एक गोड रीत आहे.

हे सगळे मी ठाण्यातल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "म्हाताऱ्यांना मशिदीत कसे आणायचे, असा त्यांचा प्रश्न आहे होय? आमच्याकडे मशीद म्हणजेच म्हातारे."

हा फरक मुळातला आहे. जिथे मंडळी मोठी आहे तिथे ज्येष्ठांना सामावून घेणे हे सौजन्याचे काम. जिथे ज्येष्ठच मंडळी आहेत तिथे प्रश्न कामाचे वाटप, दम आणि गुडघे यांचा असतो. तोराची गुंडाळी चर्मपत्राची, लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली. ती उचलून मंडळीला दाखवावी लागते. पडली तर पाहणाऱ्यांनीही उपास करायची रूढी आहे, म्हणून थरथरत्या हातांचा माणूस पुढे होत नाही. नव्याच्या सणाला शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकायचे; त्याला छातीत हवा लागते. मुंबईतल्या जुन्या सिनेगॉगांत बायकांची जागा वरच्या सज्जात. बांधली तेव्हा वर चढणाऱ्या तरुण सुना होत्या. त्याच आता सत्तरीत आहेत. मी पाहिले त्या एका ठिकाणी कुणीही ठराव न करता बायका खाली, मागच्या बाकांवर येऊन बसू लागल्या होत्या. सज्जात सतरंज्यांच्या घड्या ठेवलेल्या होत्या.

प्रत्येक बेने इस्राएल सिनेगॉगमध्ये एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, एक उंच खुर्ची असते. मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी सुंतेच्या विधीला ती लागते. एका गावात मी विचारले, ही शेवटची कधी वापरली? तिघांनी आपसात बराच खल केला. शेवटी ज्या बाळाचे नाव निघाले ते बाळ आता अश्दोदमध्ये ट्रक चालवते.

खरी धास्ती मात्र सणासुदीची नाही. कदीश ही अरामी भाषेतली प्रार्थना, आणि तिच्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही. आहे ती केवळ देवाच्या नावाची थोरवी. आईबापांसाठी मुलगा ती अकरा महिने म्हणतो. मुलगा दिमोनात असेल तर तिथे म्हणेल, त्याची चिंता नाही. पण दफन इथे व्हायचे असते, लवकर व्हायचे असते, आणि त्या वेळी दहा हवे असतात. मुंबईहून-ठाण्याहून माणसे गोळा होतात, गाड्या निघतात. अजून तरी कुणी त्यावाचून राहिले असे मला कुणी सांगितले नाही. तरी आठवड्याच्या मिन्यानला जायला ऐंशीच्या गृहस्थाला कशाने ओढ लागते, याचे उत्तर त्यातल्या एकाने मला अगदी हिशेबी दिले: "मी नऊ जणांना गेलो, तर नऊ जण मला येतील." पुढे म्हणाले, "आता त्यातले सहा जणांना मी जाऊन आलो."

मग ही मंडळी टिकली कशी? मला वाटते, ज्येष्ठांना जिथे जिथे काम मिळाले तिथे ती टिकली. नुसती खुर्ची मिळाली तिथे विरली. बेने इस्राएल मंडळीची जुनी रचना पाहण्याजोगी आहे. मुकादम, चौगुला, गब्बाय म्हणजे खजिनदार, हज्जान, शमाश: गावकीचीच ही पदे, थोडी मराठी, थोडी हिब्रू. पन्नास घरांत पाच पदे असत. आता बारा माणसांतही पाच पदे आहेत. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण पद असलेला माणूस पावसातही येतो. शिवाय या समाजात रेल्वे, पोस्ट, कस्टम, सरकारी कचेऱ्या यांत हयात घालवलेले बरेच, त्यामुळे जमाखर्चाच्या वह्या अशा की ऑडिटरने मुजरा करावा. मी एकदा साठच्या दशकातली वही चाळली. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निघताना दिलेल्या देणगीची नोंद तिच्यात होती. स्थलांतराचा इतका नेमका इतिहास मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही.

दुसरे काम भाषेचे. बेने इस्राएलांची हिब्रू फार काळ तुटपुंजी होती आणि ती भरून काढली मराठीने. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४च्या पुणे आवृत्तीतल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. आणि १८८०च्या सुमारास मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले. हरिदासी थाटाची कीर्तने, पण आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. साक्या, दिंड्या, ओव्या, टाळ-झांजा सगळे आपले. ही पदे आज कुणाकडे आहेत? म्हाताऱ्या बायकांच्या वह्यांत. शाळेच्या दोनशे पानी वह्या, वर नातवाचे नाव खोडलेले, आत आजीच्या हातची पदे. चाल कुठली ते सांगायला कधी जुन्या नाटकाचे नाव, कधी सिनेमातल्या गाण्याचे. परदेशी संशोधकांनी अलीकडे या कीर्तनांवर गंभीर काम केले, आणि त्यासाठी त्यांना याच आज्यांच्या दारी बसावे लागले.

पाकशास्त्र हा तिसरा प्रांत. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून नारळाचे दूध. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा आणि तासन्‌तास ढवळायचा. एकट्या बाईच्या खांद्याला हे झेपत नाही. म्हणून चार जणी एका घरी जमतात. बाजारात हलवा विकत मिळू लागला तर बरे, असे मी म्हणून बसलो. एका मावशींनी मला असे पाहिले की मी चहाचा कप बशीत ठेवला.

मलिद्याचा विधीही असाच. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलची, सुका मेवा, वर फळे आणि गुलाबाच्या पाकळ्या. मध्ये ताट ठेवून एलियाहू हनाबीच्या नावाने आळवणी. नवस फेडायला, लग्नाआधी, परदेशी जाताना मलिदा करतात. जाण्याच्या मलिद्यांनीच ही घरे रिकामी झाली, आणि आता सुट्टीवर आलेल्या मुलांच्या येण्याचा मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या म्हणून दाखवतात. तिथे मुंबई-ठाण्याच्या बसगाड्या जातात. बसमधली माणसे बहुतेक साठीपुढची. या सहलींचा मूळ हेतू करमणूक असेल, पण वाटेतल्या एखाद्या ओस सिनेगॉगमध्ये ही बस थांबते तेव्हा एकदम चाळीस माणसे आत शिरतात, मिन्यान होतो, गुंडाळी बाहेर निघते. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्येही स्थानिक दहा उरले नाहीत तेव्हापासून पाहुण्या प्रवाशांवर मिन्यान अवलंबून आहे. तिथे अनोळखी पर्यटक असतो. इथे उतरणारा माणूस बहुधा त्याच गावचा 'कर' असतो.

मदत बाहेरूनही येते. 'जॉइंट' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी अमेरिकन ज्यू संस्था १९६०च्या दशकापासून भारतात काम करते. गरजू ज्येष्ठांना पैशाची, औषधोपचाराची मदत, मेळावे, सहली यांत तिचा हात आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. या दोन्हींचे मोल मोठे आहे. तरी मला एक खटकते, आणि ते फक्त ज्यूंपुरते नाही, आमच्या वसईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनाही लागू आहे. म्हाताऱ्यांसाठी कार्यक्रम ठरवताना आपण त्यांना आधी श्रोते करतो. रक्तदाबाची तपासणी, योगावर भाषण, जुनी गाणी, जेवण, ग्रुप फोटो. हज्जान म्हणून पन्नास वर्षे मंडळी चालवलेल्या माणसाला तंबोल्याचे तिकीट हातात देऊन बसवतात. तो येतो, हसतो, जेवतो. पण त्याला विचारा, पुढच्या शनिवारी कुठे? तो सिनेगॉगचेच नाव सांगेल, कारण तिथे त्याच्यावाचून अडते.

अडण्याचा हा हिशेब बायकांच्या बाबतीत मात्र अन्यायाचा होतो. त्या सकाळी त्या सिनेगॉगमध्ये चौदा ज्यू होते आणि मिन्यान झाला नव्हता. पाचही बायकांना प्रार्थना पाठ होत्या. दोघी तर पुरुषांचे उच्चार मनातल्या मनात दुरुस्त करत असाव्यात. सनातन परंपरेत स्त्रिया मिन्यानमध्ये मोजल्या जात नाहीत. सुधारणावादी पंथात मोजल्या जातात. हा विचार भारतात फार उशिरा आला असेही नाही. डॉ. जेरुशा झिराड लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, तिथल्या उदारमतवादी ज्यूंच्या संपर्कात आल्या, आणि १९२५ साली मुंबईत 'ज्युइश रिलिजस युनियन' उभी राहिली. तिचेच पुढे 'रोदेफ शालोम' हे सिनेगॉग झाले. याच झिराडबाई कामा हॉस्पिटलच्या पहिल्या भारतीय महिला प्रमुखांपैकी, १९६६च्या पद्मश्री. म्हणजे प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. दिल्लीच्या छोट्या सिनेगॉगमध्ये स्त्रियांनाही मोजतात, असे तिथल्या मंडळीने उघडपणे सांगितलेले आहे. कोकणातल्या काकांना मी हे सांगितले तेव्हा दोघे गप्प राहिले आणि एक म्हणाले, "वडिलांनी असे केले नाही." माझ्या मते वडिलांच्या वेळी गावात चाळीस पुरुष होते, म्हणून त्यांना हा प्रश्नच पडला नाही. पण हा निर्णय त्यांचा आहे, आणि मी मागच्या बाकावरचा माणूस आहे.

तालमुदमध्ये एक विचार आहे. मोशेने रागाने फोडलेल्या दगडी पाट्यांचे तुकडे टाकून दिले नाहीत. नव्या अखंड पाट्यांबरोबर तेही पवित्र पेटीत ठेवले आणि वाळवंटभर वाहून नेले. त्यावरून शास्त्रकार सांगतात की वयामुळे विद्या विसरलेल्या म्हाताऱ्याचा मान तसाच राखावा. निस्सीम एझिकेल यांची आठवण इथे होते. बेने इस्राएल कुळातला भारतीय इंग्रजी कवितेचा हा आधारस्तंभ शेवटची वर्षे स्मृतिभ्रंशात घालवून २००४ साली मुंबईत गेला.

एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' या कादंबरीला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका अलिबागकडच्या किनाऱ्यावर एकटी राहणारी म्हातारी बेने इस्राएल बाई. मुले इस्रायलला गेलेली, आणि ही ओस पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट करते, त्याची जमीन गिळायला आलेल्यांशी झुंजते, आणि भरपूर स्वयंपाक करते. मिन्यानमध्ये जिची गणती नाही तिच्याच हाती किल्ली, हे लेखिकेने अचूक हेरले आहे. रायगडात फिरताना मलाही किल्ली बहुतेक वेळा बाईकडेच सापडली. एका ठिकाणी तर ती शेजारच्या कोळीणीकडे होती. तिचे म्हणणे, "बाई बेरशेबाला गेली लेकीच्या बाळंतपणाला, मी रोज दिवाबत्ती बघते."

वल्हांडणाच्या रात्री, ज्याला जुन्या बोलीत अनशी धाकाचा सण म्हणत, ताटाभोवती बसून हग्गादा वाचतात. घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचे: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? आणि थोरांनी मिसरातून सुटकेची सारी कथा सांगायची. मुलाने विचारल्यावाचून कथा सुरू होत नाही. मग ज्या घरात मूल नाही तिथे? तालमुदने याचाही विचार करून ठेवला आहे. मूल नसेल तर बायकोने विचारावे. तीही नसेल, माणूस एकटा असेल, तर त्याने स्वतःलाच विचारावे.

पनवेलजवळच्या एका बाईंना मी विचारले, तुम्ही काय करता? नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, दोन्ही मुले तिकडे. इस्रायलचे घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे यांची रात्र आधी सुरू होते. सण लागायच्या आत नातवंडांशी फोनवर बोलून होते, मग फोन बंद. त्या म्हणाल्या, "ताट लावते. काळ्या मनुकांचा शरबत सकाळीच करून ठेवलेला असतो. मोठ्याने विचारते, कारण मनात विचारले तर विचारल्यासारखे वाटत नाही. एकदा शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, कुणाशी बोलताय म्हणून."

"मग?"

"मग त्यांना आत बोलावले. त्या दर वर्षी येतात आता. तेच विचारतात, मराठीत. मी सांगते. मिसरातून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात, मग त्या भांडी विसळू लागतात आणि मी नको नको म्हणते."